उन्हाची मूठ

अक्कांबद्दल मी आजवर चार माणसांत जे जे सांगत आलो, ते सगळं खरं आहे. सोलरच्या प्लेटांना त्यांनी कांदे बांधले होते, हे खरं. बॅटरीच्या कपाटाला कान लावून त्या उभ्या राहायच्या, हेही खरं. धुळ्याहून आलेल्या साहेबाला त्यांनी रांगेत डबा ठेवायला लावला, तेही. लोक हसतात, मीही हसतो, चहा येतो आणि विषय संपतो. एक दिवस मात्र मी दर वेळी गाळत आलो. तो गाळला की अक्का एक विनोदी म्हातारी उरतात आणि मी त्यांचा वायरमन उरतो. दोन्ही खोटं आहे, म्हणून आज तो दिवस धरूनच सांगतो.

सोनगीरला, हायवेवरून किल्ला दिसायला लागतो त्याच्या अलीकडे, अक्कांची पिठाची गिरणी होती. म्हणजे अजून आहे, पण तिथे आता पीठ कमी आणि करंट जास्त मिळतो. घराघरांत घरघंट्या आल्या, तयार पिठाच्या पिशव्या आल्या आणि अक्कांकडे दळणाला बाया येईनाशा झाल्या. कळण्याच्या भाकरीची ज्वारी-उडीद घेऊन आठवड्यातून चार जणी आल्या तर आल्या. उरला तो गिरणीवरचा आणि मागच्या गोदामावरचा लांबलचक पत्रा. आमच्या खानदेशात एप्रिलपासून त्या पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन. मी मोटर दुरुस्तीला गेलो असताना अक्कांनी एकदा वर बोट दाखवून आपल्या अहिराणीत विचारलं होतं, "वायरमन, हाऊ पत्रा इतका तापस, ते नुसता काय तापस?"

मी सोलरचं सांगितलं. आपलं सहज, पान्हा हातात धरून. तर अक्का जात्यासमोरच्या पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि रात पडल्यावर?"

मी बॅटरीचं सांगितलं. दिवसा साठवायचं, नंतर काढायचं.

"म्हणजे कोठी!" अक्का उठल्याच. "मग असं सांग ना भाऊ! उन्हाची कोठी!"

त्या दिवसापासून त्यांना दम नव्हता. सकाळी साडेसहाला माझ्या धुळ्याच्या घरी फोन. "वायरमन, तुन्हाकडे ऊन कसं शे? आठे ते एक नंबर शे." इथलं एक नंबर आहे म्हणे, जणू काही ऊन म्हणजे बाजारात आलेलं वांगं, गावागावात निराळं निघतं. मी म्हणायचो, अक्का, तेच ऊन आहे. त्या म्हणायच्या, "तू वर पाहिलं का? न पाहता सांगू नको."

त्यांना रिक्षा कशा सुचल्या, ती गोष्ट मला अजूनही आवडते. सोनगीरात बॅटरीवाल्या रिक्षा नव्यानं आल्या होत्या. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रं नसतं. त्यामुळे रिक्षावाले गिरणीसमोरच्या निंबाखाली गाड्या लावून झोपायचे, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक बाहेर पडायच्या वेळेला त्यांची बॅटरी निम्म्यावर आलेली असायची. अक्का दोन दिवस दारात बसून हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "गाडी दुपारले झोपस. ऊन दुपारले जागस. दोन्हींची गाठ कोणी कशी घातली नही रे आतापावेतो?"

मी वीस वर्षं वायरी ओढत होतो, पण ही गाठ मला दिसली नव्हती.

प्लेटा बसल्या, बॅटरीचं कपाट आलं. पहिली गाडी लागली ती सलीमभाईंची. सलीमभाई मूळचे पिंजारी, गाद्या भरायचे. ते काम सुटल्यावर त्यांनी रिक्षा घेतली. राहायला पुढच्या, चारेक मैलांवरच्या खेड्यात. त्यांची गाडी तीन तास आमच्या उन्हावर भरली आणि अक्का उडी मारून मागे बसल्या. उडी म्हणजे अक्षरशः उडी, सत्तरीच्या बाईची. "चाल सलीम, किल्ल्यालोंग!" किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्या. आल्यावर म्हणाल्या, पुन्हा. पाच फेऱ्या झाल्या. पदर वाऱ्यावर, एक हात बाहेर, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला ओरडून, "उन्हावर चाली ऱ्हायनी रे! बठ्ठी गाडी उन्हावर!" सलीमभाई हसून हसून हँडलवर वाकले होते. "अक्का, उतरो अब. सगळं ऊन तुम्हीच खर्च कराल."

मी दारात उभा राहून पाहत होतो. मी बोलणारा माणूस नाही. पण माझ्या अंगावर काटा आला होता, भर उन्हात.

कांद्याची गोष्ट त्याच उन्हाळ्यातली. मे महिना लागला, ऊन कडाडलं, अक्का खूश. आणि स्क्रीनवरचा आकडा मात्र मार्चपेक्षा कमी. अक्का माझ्यावर खवळल्या, "वायर कोठे ढिली सोडनी?" मी समजावलं की प्लेटा फार तापल्या की कमी देतात, त्यांना उजेड पाहिजे, भट्टी नको. दुसऱ्या दिवशी गेलो तर शिडी लागलेली आणि प्रत्येक प्लेटेच्या चौकटीला सुतळीनं एकेक कांदा बांधलेला. उन्हात निघताना आपण खिशात कांदा ठेवतो, तसा.

"अक्का, हे काय?"

"तूच बोलना ना, ऊन लागस म्हणून."

कांद्यानं काही झालं नाही, हे सांगायला नको. पण त्या निमित्तानं त्या रोज पहाटे वर चढून प्लेटा पाण्यानं धुवायला लागल्या, जुन्या सुती लुगड्यानं पुसायला लागल्या, आणि आकडा खरंच चढला. "पाहा," कांद्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. पुढे कोणी म्हणालं की अक्का, तुमचं बरं आहे, ऊन फुकट मिळतं, तर त्या ते ओलं लुगडं त्याच्या हातात द्यायच्या. "फुकट नही. पुसावं लागस."

आता रांगेचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

दळणाच्या काळापासून अक्कांच्या गिरणीत रांग माणसांची नसायची, डब्यांची असायची. बाई डबा रांगेत ठेवून घरी जायची, स्वयंपाक करून यायची, डबा तिच्या जागेवर पुढे सरकलेला असायचा. तो डबा म्हणजेच ती बाई. कोणी डबा उचलून पुढे घुसवला, तर अक्का काही बोलायच्या नाहीत. तो डबा उचलून सगळ्यांच्या मागे ठेवायच्या. मग नंबर येईपर्यंत त्या बाईला डब्यापाशी बसून राहावं लागायचं, आणि नंबर आला की सगळ्यांसमोर तोंडानं सांगावं लागायचं, "मी घुसले होते." एवढीच शिक्षा. सरपंचाच्या घरची असो की मजुराच्या, सगळ्यांना तीच.

रिक्षावाल्यांनाही त्यांनी हीच रांग लावली. गाडी कुठेही उभी करा, आपला जेवणाचा डबा कट्ट्यावर रांगेत ठेवा. पोरं आधी हसली. महिन्याभरात कुठला डबा कोणाचा हे सगळ्यांना पाठ झालं. सलीमभाईंचा हिरव्या दांडीचा, दोंडाईच्याहून माल आणणाऱ्या मारवाडी शेठच्या मालरिक्षेचा तीन खणांचा. मी मोबाईलवरून नंबर लावायची सोय सुचवली तेव्हा अक्का म्हणाल्या, "मोबाईल बंद पडना ते नंबर जास. डबा कोठे जास?"

आणि दुसरी चाल होती मुठीची. दळण झालं की प्रत्येकीनं आपल्या पिठातली एक मूठ दाराजवळच्या पिंपात टाकायची. ज्याच्या घरी त्या दिवशी पीठ नाही, त्यानं त्यातलं न्यायचं. कोण नेतं ते बघायचं नाही, विचारायचं नाही. अक्का पिंपाकडे पाठ करून बसायच्या, ती पाठ मी कितीदा पाहिली आहे. त्या म्हणायच्या, "गिरणीत आलेला रिकामा गेला, ते मग गिरणी कसानी?"

बॅटरीचं कपाट आलं त्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला. "ह्यामधी मूठ कशी ठेवायची?"

तशी सोय असते. बॅटरी अमुक टक्क्याच्या खाली रिकामी होऊ द्यायची नाही अशी हद्द लावता येते. कपाटाला बसवलेली आमची ती आकडे दाखवणारी पेटी स्वस्तातली. सकाळी प्लेटा धुताना सगळं बंद करावं लागायचं, आणि पुन्हा चालू केलं की हद्द आपोआप पाचवर यायची. म्हणून अक्का रोज सकाळी स्वतःच्या बोटानं ती तीसवर न्यायच्या. अक्षरं वाचता येत होती, पण त्यांनी ते वाचून केलं नाही कधी. बटणं मोजून पाठ केली होती, आणि मोठ्यानं म्हणत म्हणत दाबायच्या. "तीन दा खाले. एक दा आत. तीस. मूठ लागनी!" मग कपाटावर हलकी थाप. ते खालचं तीस टक्के रोजच्या गाड्यांना नाही. वाटेत बंद पडलेली, कुठूनही आलेली, अडलेली गाडी, तिच्यासाठी. नाव-गाव न विचारता.

बॅटरीवर त्यांचा पुरता विश्वास मात्र बसला नव्हता. जात्याचा आवाज ऐकून त्यांना दगड कुठे झिजला ते कळायचं. ही पेटी गप्प. त्या कान लावून उभ्या राहायच्या आणि वैतागायच्या. एकदा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बी हिच्यासारखाच शे. आतमधी काय शे समजस नही. तिच्यावर आकडा तरी दिसस. तुन्हावर काय दिसस?"

सगळे हसले. मीही. ते वाक्य तेव्हा नुसतं गमतीचं होतं.

आता तो दिवस.

गिरणीचं नाव झालं होतं. धुळ्याच्या एका संस्थेला जळगावला असंच मोठं केंद्र काढायचं होतं, आणि त्यांची सहा माणसं आमचं काम पाहायला येणार होती. त्यांच्या साहेबांनी मला फोनवर विचारलं होतं, एका दिवसात उन्हावर किती गाड्या भरता? मी म्हणालो, एकवीस. आम्ही रोज चौदा-पंधरा भरायचो. एकवीस का म्हणालो, माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. जळगावच्या केंद्राला प्रमुख लागणार होता, आणि साहेब म्हणाले होते, "तुमच्यासारखा माणूस पाहिजे." मला आयुष्यात असं कोणी म्हटलं नव्हतं. मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि लोकांच्या पोटमाळ्यावर वायरी ओढून माझे गुडघे गेले होते.

त्या दिवशी सकाळी सात वाजता मी तिथेच होतो. अक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. प्लेटा धुतल्या, पेटी चालू केली. आणि माझ्यादेखत बोटानं, "तीन दा खाले. एक दा आत. तीस. मूठ लागनी!" नेहमीपेक्षा मोठ्यानं, कारण कट्ट्यावर आधीच आठ डबे होते आणि आठही रिक्षावाले टाळ्या वाजवत होते.

काय दिवस होता तो! नऊला पाहुणे आले. साहेबांनी विचारलं, "मी माझी गाडी लावू का चार्जिंगला?" त्यांची विजेवरची मोटार होती. अक्का म्हणाल्या, "लाव ना भाऊ. डबा आणा का?" साहेबांना कळेना. शेवटी त्यांनी ड्रायव्हरचा डबा आणून चौदाव्या नंबरावर ठेवला आणि फोटो काढून घेतला. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. दर गाडी सुटली की अक्का खडूनं भिंतीवर रेघ मारत होत्या आणि सगळा कट्टा ओरडून आकडा म्हणत होता. नऊ! दहा! अकरा! आजूबाजूच्या गावांतून पोरं, बाया बघायला आलेल्या. शेठनं सगळ्यांना मठ्ठा पाजला. मी कधी एवढा बोललो नव्हतो तेवढा त्या दिवशी बोलत होतो, सहा माणसांना हे दाखव, ते दाखव.

दुपारी एक-सव्वाला सोळा झाल्या आणि मी स्क्रीन पाहिली. साहेबांची मोटार बरंच पिऊन गेली होती. उरलेल्या पाच गाड्या एकदम लावायच्या तर वरचं ऊन आणि बॅटरी दोन्ही लागणार होतं, आणि बॅटरी पस्तीसवर आलेली. पाच टक्क्यांत ती हद्दीला टेकणार होती. मी मनात गणित केलं. आत्ता हद्द खाली घेऊ, पाच गाड्या भरू. तीन-साडेतीनपर्यंत त्या सुटतील. मग पाच-साडेपाचपर्यंत ऊन आहेच, तेवढ्यात बॅटरी पुन्हा तीसवर येईल. मूठ परत जागेवर. कोणाला कळायचं कारण नाही.

सगळे जेवायला निंबाखाली बसले होते. अक्का भाकरी वाढत होत्या. मी आत गेलो. तीन दा खाली. एक दा आत. तीसचं पाच. तीच बटणं, फक्त आकडा उलटा; मनातल्या मनात म्हणालो, मोठ्यानं नाही.

सतरा, अठरा, एकोणीस, वीस. एकविसावी गाडी सुटली तेव्हा साडेतीन झाले होते. कोणीतरी फटाक्याची माळ लावली, साहेबांनी माझा हात हातात घेऊन तसाच धरून ठेवला आणि अक्का कपाटाला कवटाळून उभ्या होत्या. इतका आनंदी मी आयुष्यात दोनदा-तीनदाच झालो असेन. हे लपवत नाही. ती मूठ माझ्या हातून रिकामी झालेली होती आणि मी आनंदी होतो.

त्यानंतर अर्ध्या तासात पश्चिमेकडून वावटळ उठली. अवकाळी. आभाळ मातीच्या रंगाचं झालं, प्लेटांवर धुळीचा थर बसला, कुठेतरी खांब पडला आणि सगळ्या पट्ट्याची लाईट गेली. रस्त्यावर आडव्या पडलेल्या खांबाच्या कडेनं रिक्षाच निघेल एवढी वाट, म्हणून मोटारीसकट पाहुणे गिरणीतच अडकले. स्क्रीनवरचा आकडा पाचवरून हलेना.

पावणेसहाला सलीमभाई आले, रिक्षा ढकलत. आत त्यांची आई आडवी. आठवड्यातून दोनदा ते तिला धुळ्याला डायलिसिसला न्यायचे. वाऱ्याला तोंड देत येताना गाडी सोनगीरच्या वेशीवर संपली होती. "अक्का, रुक गयी. अम्मी अंदर है. जीपवाले कोई नहीं मिल रहे, सगळे खांबाजवळ अडकलेत."

अक्कांचा चेहरा उजळला. हो, उजळलाच. इतक्या पाहुण्यांसमोर मूठ उपयोगी पडणार होती. त्या साहेबांना म्हणाल्या, "आते पाहा आमन्ही मूठ!" साहेब मोबाईल घेऊन पुढे झाले. अक्कांनी स्वतः वायर ओढली, रिक्षेला लावली, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. बॅटरी पाच. हद्द पाच.

पत्र्यावर नुसती वाळू वाजत होती. साहेब माझ्याकडे पाहत होते. अक्काही माझ्याकडेच पाहत होत्या, वायरमन आहे, सांगेल काय झालं ते.

मी म्हणालो, "अक्का, सकाळी मूठ लावायची विसरलात वाटतं."

एवढंच. एवढंच वाक्य.

"मी लावेल व्हती," अक्का म्हणाल्या. मग कपाटाकडे पाहिलं. बोट हवेतच हललं, तीन दा खाली, एक दा आत. मग माझ्याकडे पाहून, अगदी बारीक आवाजात, "नही का?"

मी काही बोललो नाही. त्या "नही का"ला उत्तर देण्याइतका वेळ माझ्याकडे होता. भरपूर होता. एक रिक्षावाला पुटपुटला, "सकाळी तर ऐकलं आम्ही." दुसरा म्हणाला, "ते काल ऐकलं असेल." आणि ते तिथेच राहिलं.

भरलेल्या गाड्या भाड्यावर गेलेल्या आणि गिरणीत होत्या त्या चालून रिकाम्या झालेल्या, म्हणून सलीमभाईंच्या आईला अक्कांनी आपल्या खाटेवर झोपवलं. दोन तासांनी शेठचा ट्रॅक्टर आला, त्याच्या मागे रिक्षा बांधून त्यांना घरी पोचवलं. जाताना म्हातारीनं अक्कांचा हात धरला, "कोई बात नहीं बेटी, उमर हो जाती है." अक्का तिच्याहून चार-पाच वर्षांनीच लहान होत्या. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. म्हातारी पुढच्या वर्षी वारली. त्या दिवसामुळे नाही, हे सलीमभाई स्वतःच मला म्हणाले होते, मी न विचारता.

जळगावचं काम मला मिळालं. एकवीस गाड्यांचा फोटो तिथे माझ्या टेबलामागे लावलेला आहे.

अक्कांनी मात्र त्यानंतर सकाळची बटणं दाबायचं सोडलं. दुसऱ्या कोणाला तरी सांगायच्या, "तू लाव, मले सुचस नही." पुढे गॅस बंद केला का म्हणून तीन-तीनदा उठायच्या. डब्याची रांग लावताना अडखळायच्या, "हाऊ पहिला का तो?" वर्षभरानं त्यांची लेक त्यांना जळगावला, मेहरूणला आपल्या घरी घेऊन गेली. गिरणी रिक्षावाल्यांच्या गटानं चालवायला घेतली. मेहरूण माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. मी दोन वर्षांत तीनदा गेलो. तिन्ही वेळा केळी घेऊन गेलो, तब्येत विचारली आणि परत आलो.

मी स्वतःहून बोललो असतो असं मला वाटत नाही. ते पेटीनं केलं. गेल्या महिन्यात सोनगीरची जुनी पेटी काढून मोठी बसवायची होती. माझ्या हाताखाली एक नवी इंजिनिअर मुलगी आहे, हुशार. तिनं जुन्या पेटीला लॅपटॉप जोडला आणि आतली सगळी नोंद बाहेर काढली. मला माहीतच नव्हतं की ती पेटी प्रत्येक दाबलेलं बटण लिहून ठेवते. मुलगी सहज म्हणाली, "सर, गंमत बघा. रोज सकाळी सातच्या सुमारास पाचचं तीस. वर्षभर, एक दिवस चुकलेला नाही. कोण होतं हे? आणि या एकाच दिवशी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी तीसचं पाच. हे कोणी केलं?"

गप्प पेटी. अक्का कान लावून उभ्या राहायच्या ती.

मी म्हणालो, "मी."

तो शब्द बाहेर पडल्यावर मला तिथे थांबवेना. मी ती नोंद कागदावर छापून घेतली आणि थेट मेहरूणला गेलो. सोनगीर ते जळगाव, गाडीत एकटा, आणि काय सांगू, मला भीतीपेक्षा घाई झाली होती.

अक्का व्हरांड्यात बसल्या होत्या. शेजारी एक वही. उघडीच होती म्हणून दिसली. "गॅस बंद केला. पाहिला. पुन्हा पाहिला." "गोळी घेतली. रिकामी पट्टी पाहिली." पानंच्या पानं.

मी खाली बसलो. "अक्का, त्या दिवशी मूठ तुम्ही लावली होती. सकाळी सातला. मी समोर उभा होतो. दुपारी मी ती काढली. एकवीस गाड्यांसाठी. आणि नंतर तुमच्यावर ढकललं."

त्यांनी कागद घेतला. चष्मा शोधला, लावला. मी बोट ठेवून दाखवलं, ही रोजची सकाळ, ही त्या दिवशीची सकाळ, ही माझी दुपार. त्या पहिल्या पानापासून एकेक सकाळ वाचत गेल्या. तीस. तीस. तीस. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"मी लावेल व्हती?"

"हो अक्का."

"रोज?"

"एक दिवस चुकला नाही."

"माय वं!" अक्का ताडकन उठल्या. "ए पोरी! बाहेर ये! ऐक हाऊ काय सांगस! मी लावेल व्हती! मन्हं डोकं शाबूत शे!" लेक पिठाच्या हातानं धावत आली. अक्कांनी ती वही उचलून तिच्या हातात कोंबली. "हे चुलीत घाल! तीन वरीस मी मले येडी समजू ऱ्हायनी!" त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी चाललं होतं, शेजारीण दारात आली तर तिलाही कागद दाखवला. सलीमच्या रिक्षेत मागे बसलेल्या होत्या तशाच, एक हात हवेत. मीही रडत होतो, आणि लाज वाटते सांगायला, मलाही आनंद झाला होता.

मग त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. हसू गेलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"डबा शे का तुन्हाकडे?"

"आहे, गाडीत."

"उद्या सोनगीर. मले बी ने."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला आम्ही पोचलो. कट्ट्यावर एकोणीस डबे होते, हिरव्या दांडीचा तिसरा. अक्कांना बघून सगळी रिक्षावाली मंडळी उठून धावली, आरडाओरडा झाला. अक्का कोणाशी काही बोलल्या नाहीत. माझा डबा माझ्याच हातून घेतला, रांगेच्या टोकाला नेऊन ठेवला, आणि बोटानं मला त्याच्यापाशी बसायला सांगितलं. सगळ्यांना ही शिक्षा ठाऊक होती, नंबर आला की तोंडानं सांगायचं. गलका थांबला. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

अक्का आत गेल्या. नव्या पेटीची बटणं निराळी आहेत, त्या इंजिनिअर मुलीला त्यांनी दोनदा विचारून घेतली. मग आतून तो आवाज आला, बाहेरच्या कट्ट्यापर्यंत, "दोन दा उजवीकडे! एक दा आत! तीस!" आणि कपाटावर थाप.

मी उन्हात बसून राहिलो. ऊन एक नंबर होतं. मी वर पाहूनच सांगतो आहे. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, डबे पुढे सरकत होते. मला प्रत्येक डब्यागणिक घाम फुटत होता आणि तरी तो पटपट सरकावा असंच वाटत होतं. चार वाजता सलीमभाई आपली भरलेली गाडी घेऊन गेले नाहीत. माझ्यासमोर येऊन निंबाला टेकून उभे राहिले.

माझ्यापुढे तेव्हा दोनच डबे उरले होते.